हातानं घासलेले दात

बाबांनी धाकटीचं बोट चावलं.

जोरात नाही, पण चुकून म्हणावं इतकं हळूही नाही. तिनं हातमोज्यातलं बोट बाहेर काढलं, टॉर्च दुसऱ्या हातात घेतली आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीजवळच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते. मान मागे, नजर पंख्यावर, आणि चेहरा असा की जणू चावलं ते दुसऱ्याच कुणीतरी.

"लागलं का?" त्यांनी विचारलं.

"तोंड उघडा."

"उघडंच होतं. तूच बोट आत विसरलीस."

सोफ्यावरून दादा हसला. दादा वेगळा राहायचा आणि रविवारी आईबाबांकडे जेवायला यायचा. ताट वाढेपर्यंत कुणाचं तरी भांडण ऐकायला मिळालं की त्याचा रविवार सार्थकी लागायचा. या घरात हट्टाची वाटणी अगदी सरळ झाली होती: अर्धा बाबांकडे, अर्धा धाकटीकडे. दादाच्या वाट्याला नुसती मजा आली होती, आणि तो ती पुरवून पुरवून वापरायचा.

धाकटीनं पुन्हा बोट आत घातलं. खालच्या ओळीतले पुढचे दात तिनं एकेक करून चिमटीत धरून हलवून पाहिले.

"हा हलतोय. हाही हलतोय. हा तर निघायच्या तयारीत बसलाय."

"बसू दे. मी कुठं त्याला घालवतोय?"

"तुम्हीच घालवताय, बाबा." तिनं डब्यातून एक छोटी गोळी काढून त्यांच्या पुढे धरली. "चघळा आणि चूळ भरा."

या गोळीचं काम सोपं होतं. चूळ भरल्यावर दातांवर जिथं जिथं घाण राहिली असेल तिथं जांभळा रंग धरायचा. धाकटीच्या दवाखान्यात भलेभले या गोळीपुढे गप्प झाले होते. बाबांनी ती चघळली, बेसिनपाशी जाऊन आले, आणि तिनं समोर धरलेल्या आरशात आपले दात नीट न्याहाळले.

"जांभळा सुरेख आहे," ते म्हणाले. "पण रंगवणाऱ्याचा हात कच्चा. सगळा कडेला गेलाय."

"कडेलाच घाण राहिलीय म्हणून तो कडेला गेलाय. तुम्ही भिंत खरवडल्यासारखं मधल्या मधे आडवं घासता. दाबून. त्यानं हिरडी मागं सरते, आणि कड तशीच राहते."

"माझं आयुष्य कडा मारण्यात गेलं," बाबा म्हणाले. "आणि तू मला कड शिकव."

यात खोटं काही नव्हतं. बाबा पाट्या रंगवायचे. बाजारात अशी कितीतरी दुकानं होती की मालक बदलला, माल बदलला, पण पाटी बदलली नाही, कारण तसली अक्षरं पुन्हा काढून कोण देणार. दोरी न लावता सरळ रेघ मारणारा पेंटर म्हणून त्यांचं नाव होतं, आणि ते नाव त्यांनी फार जपलं होतं. समोरचा पाहत असेल तर ते दोरी जवळ असूनही लावायचे नाहीत.

धाकटीनं त्यांना वाढदिवसाला विजेवर चालणारा ब्रश आणून दिला होता. बाबांनी तो हातात घेतला, एकदा गुरगुरवून पाहिला आणि खोक्यासकट आईकडे सरकवला. तेव्हापासून तो बाथरूमच्या फळीवर आईच्या नावावर होता. बाबांचा साधा हिरवा ब्रश शेजारच्या पेल्यात उभा असायचा.

"साध्या ब्रशनं दात साफ होत नाहीत असं मी कधीच म्हटलं नाही," धाकटी म्हणाली. हे भाषण ती दिवसातून अनेकदा करायची आणि लोक माना डोलवायचे. फक्त या एका खोलीत त्याला श्रोता नव्हता. "होतात. नीट घासले तर अगदी मशीनइतके होतात. पण नीट म्हणजे ब्रश तिरका धरून, हिरडीच्या कडेकडेनं, छोटे छोटे गोल, न दाबता. आतल्या बाजूनंसुद्धा. त्याला मनगट वळावं लागतं. मशीन काही तुमच्यापेक्षा हुशार नाही. त्याचं मनगट थकत नाही, एवढंच. तुम्ही नुसतं टेकवायचं आणि पुढे सरकायचं. दाबलंत तर त्याचा लाल दिवा लागतो."

बाबांनी तोंड मिटलं. हाताची घडी थोडी आवळली.

"माझ्या मनगटाला काय झालंय?"

"मी कुठं म्हटलं काही झालंय?"

"मग झालं तर."

"आता पैज लावा," दादा म्हणाला. तो या क्षणाची वाटच पाहत होता. "बाबा नवा साधा ब्रश घेऊन हातानं घासतील, आई मशीननं. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी दोघांनाही गोळी. ज्याचे दात जास्त जांभळे, तो हरला."

आई ताटं घेऊन दारात उभी होती. "माझ्या दातांना कशाला मधे घेता रे?"

ही तुलना कुठल्याही कॉलेजात पहिल्याच तासाला नापास झाली असती. दोन वेगळी तोंडं, दोन वेगळे हात, आणि आईचा हात तर इतका हलका की तिचे दात काडीनंसुद्धा साफ राहिले असते. धाकटीला हे सगळं कळत होतं. पण महिनोन् महिने भिंतीशी बोलल्यावर माणूस भिंतीच्याही अटी मान्य करतो.

"हरलो तर तुझं ते मशीन तोंडात घालीन," बाबा म्हणाले. "जिंकलो तर?"

"तर मी मशीनचं नाव काढणार नाही."

"कधीच?"

"कधीच. पण हे पुढचे दात पैजेत नाहीत, बाबा. तोवर हिरड्या अशाच राहिल्या तर मला ते काढावे लागतील. मग ना साधा ब्रश, ना मशीन. मग वाटीत ठेवायचे दात."

हे तिनं हसत म्हटलं नाही, आणि दादाही हसला नाही. बाबांनी जिभेनं आतून खालची ओळ चाचपली.

निघताना चपला घालता घालता तिनं विचारलं, "आणि माझी पाटी?"

"उद्या घेतो हातात."

"तुमचा उद्या फार लांबचा आहे."

"चांगलं काम घाईत होत नाही," बाबा म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडून त्यांनी आपला चेहरा झाकला.

*

पाटीचं प्रकरण दातांपेक्षा जुनं होतं. धाकटीनं दवाखाना नव्या जागी हलवला होता. जागा मोठी, उजेडाची. भाडं जड म्हणून एक खोली तिनं मैत्रिणीला दिली होती. मैत्रीण नसांच्या आजारांची डॉक्टर, दर गुरुवारी यायची. दोन डॉक्टर, नव्या खुर्च्या, आणि दारावर चिकटपट्टीनं लावलेला कागद. कागदाची दोन टोकं सुटली होती. पेशंट शेजारच्या शिंप्याच्या दुकानात शिरून विचारायचे, इथं दाढ काढतात का? शिंपी आता वैतागून हातानंच भिंतीपलीकडे दाखवायचा.

नवी पाटी बाबा करणार हे ठरलेलंच होतं. तिच्या पहिल्या दवाखान्याची पाटी त्यांनीच केली होती. तेव्हाही भांडण झालं होतं, ते पत्त्यावरून. पत्ता पाहिजे, असं धाकटीचं म्हणणं. "दारासमोर उभ्या असलेल्या माणसाला पत्ता कशाला सांगायचा? तो आलाय की," असं बाबांचं म्हणणं. शेवटी तिनं हट्टानं खाली पत्ता घालून घेतला, आणि बाबांनी तो मुद्दाम इतका सुबक काढला की लोक नावाऐवजी पत्ताच वाचत उभे राहायचे. आता ती पाटी नमुन्यासाठी म्हणून त्यांच्या कामाच्या खोलीत पडली होती. नवी फळीही तिनंच सुताराकडून करून, पांढरा हात मारून, तिथं नेऊन ठेवली होती. आणि रोज उद्या.

तिला राग पाटीचा नव्हता. बाजारातल्या दुधवाल्याला, चपलावाल्याला पाट्या मिळाल्या, तेव्हा त्यांनी कधी उद्या ऐकलं नव्हतं. लेकीलाच उद्या. लहानपणी बाबा तिच्या हातात ब्रश द्यायचे, "तुझं मनगट माझ्यावर गेलंय" म्हणायचे. त्या मनगटानं तिनं पुढे दाढा कोरल्या. ते त्यांनी मनातून कधी माफ केलं नाही, असा तिनं आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. असे निकाल लावायला पुरावा लागत नाही, वैताग पुरतो.

दवाखान्यात मात्र तिला पुरावा लागायचा. पहिल्या खेपेला येताना वापरातला ब्रश घेऊन या, असं ती प्रत्येक पेशंटला सांगायची. लोक लाजत लाजत रुमालात गुंडाळून आणायचे. ती तो उजेडात धरायची आणि तोंड उघडायला लावण्याआधीच सांगायची: तुम्ही दाबून घासता. तुम्ही फक्त डावीकडेच घासता. तुम्ही हा काल विकत घेतलाय. चपलेच्या झिजलेल्या टाचेवरून चाल कळावी तशी केसांच्या वाकण्यावरून तिला हात कळायचा. आईबाबांच्या घरी तिनं ब्रश कधी मागितला नाही. तिथलं सगळं आपल्याला ठाऊकच आहे, अशी तिची खात्री होती.

मधे एकदा सकाळी तिनं आईला फोन केला.

"मशीन वापरतेस ना रोज?"

"हो गं. वापरते की."

"आणि बाबा?"

"तेही घासतात त्यांचं त्यांचं." मागून बारीक घर्र घर्र ऐकू येत होतं. "खाली कुणाचं तरी ड्रिल चाललंय. सकाळी सकाळी लोकांना काय सुचतं बघ."

"बाबांना दे."

"बाथरूममधे आहेत."

"पाटीचं विचार त्यांना."

आईनं आवाज खाली आणला. "तू सारखी पाटी पाटी करू नकोस."

"मग काय करू? शिंप्याकडेच दाढा काढायला बसू?"

ड्रिल थांबलं होतं.

*

ठरलेल्या रविवारी दादा वेळेआधीच येऊन बसला. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत, हाताची घडी घालून. दाढी नीट झाली नव्हती. हनुवटीखाली एक पट्टा तसाच राहिला होता. धाकटीला तो दिसला, आणि चष्म्याचा नंबर तपासायला हवा, हेही तिनं मनातल्या यादीत टाकलं.

आधी बाबा. गोळी, चूळ, टॉर्च.

ती वाकली आणि तशीच राहिली. कडा स्वच्छ होत्या. आतल्या बाजूनं, जिथं कुणाचाच ब्रश धड पोचत नाही, तिथंही फिक्या जांभळ्याचा एखादा ठिपका. हिरड्यांची सूज उतरली होती. तिनं तपासणीच्या बारीक सळईच्या बोथट टोकानं दाबून पाहिलं, रक्त आलं नाही. पुढचे दात चिमटीत धरले. हलत होते, पण आता निघायच्या तयारीतले नव्हते. बसायचं ठरवलेल्या पाहुण्यासारखे होते.

"काय झालं?" बाबांनी तिचं बोट तोंडात असतानाच विचारलं.

"काही नाही. मिटा."

मग आई. आईनं गोळी चघळली, चूळ भरली आणि ओठ घट्ट मिटून परत आली. उघड म्हटल्यावर तिनं जरासं उघडलं. दाढांवर, कडांवर, मधल्या फटींत, सगळीकडे जांभळं.

दादानं आधी आईकडे पाहिलं, मग धाकटीकडे, आणि मग पोट धरून हसायला सुरुवात केली.

"अगं तुझं मशीन दात घासतं की रंगवतं?"

"गप्प बस जरा."

"मी गप्पच आहे. तुझं कॉलेज गप्प झालंय. एवढी वर्षं शिकलीस, आणि शेवटी पेंटरचा हात जिंकला." त्यानं बाबांच्या खांद्यावर थाप मारली. "बाबा, तुम्ही आता दवाखाना काढा. हिला नेमा हाताखाली."

बाबा हसले नाहीत. पैज जिंकलेल्या माणसानं निदान मान तरी ताठ करावी, तर ते खिडकीबाहेर पाहत होते. घडीतला हात काखेत आणखी आत गेला.

धाकटीला हवं ते सगळं मिळालं होतं. दात वाचत होते. फक्त ते तिच्या खात्यावर जमा झालं नव्हतं, आणि ते तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. महिनाभर हातानं घासून असे दात होत नाहीत. या हातानं तर नाहीच. आणि आईचे दात महिनाभर मशीन वापरून असे होत नाहीत. हातमोजे ओढून काढत ती बाथरूममधे गेली आणि नळ सोडला.

फळीवर दोन्ही ब्रश उभे होते. हात पुसता पुसता तिनं सवयीनं हिरवा उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

केस सरळ उभे होते. दुकानातून आला तसा. बाबांचा ब्रश महिन्याभरात पायाखाली आल्यासारखा फिसकटायचा. लहानपणी ती आणि दादा त्याला झाडू म्हणायचे. दांड्यावर अंगठ्याच्या जागी रंगाचा डाग असायचा, कधी लाल, कधी निळा, कारण कामातून उठून तसेच ते दात घासायचे. या दांड्यावर काही नव्हतं.

तिनं नळ बंद केला. मशीन उचललं. त्याच्या डोक्याचे केस चारी बाजूंना लोळले होते, दाबून दाबून आडवे झाले होते. आईचे टाकून दिलेले ब्रशसुद्धा कायम नवे दिसायचे. हा आईचा हात नव्हता. हा हात तिनं शाळेत जायच्या आधीपासून पाहिला होता.

आणि मशीनच्या दांड्यावरही रंग नव्हता.

ती बाहेरच्या खोलीत परतली नाही. बोळातून मागं कामाच्या खोलीत गेली. तिथं टर्पेंटाइनचा वास यायला हवा होता. तिथं बंद खोलीचा वास येत होता. ब्रश आकारानं लावून ठेवलेले, कोरडे. डब्यांची झाकणं घट्ट. तिची नवी फळी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिनं ती वळवली.

पांढऱ्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या. खोडलेल्या, पुन्हा मारलेल्या, पुन्हा खोडलेल्या. फळीच्या दोन्ही टोकांना खिळे ठोकले होते आणि त्यांना दोरी ताणून बांधली होती. दोरीच्या बाजूनं मारलेली रेघही दोरी सोडून बाहेर गेली होती. डावीकडे पहिल्या अक्षराचा लाल काना सुरू होऊन अर्ध्यात घसरला होता. फडक्यानं पुसल्याचा गुलाबी डाग राहिला होता, मोठा.

"परत वळवून ठेव ती," मागून आई म्हणाली. तिचे दात अजून जांभळे होते. "ह्यांना कळेल."

"कधीपासून?"

"थंडीच्या आधीपासून. आधी नुसता कप वाजायचा बशीत. आता बटणं मीच लावते." आई दाराला टेकली. "तुझ्या पहिल्या गोळीच्या दुसऱ्याच दिवशी मशीन मागितलं. तू म्हणालीस ना, नुसतं टेकवायचं. दाबतात मात्र फार. तो लाल दिवा सारखा लागलेला असतो."

"आणि तू?"

"मी माझा जुना ओट्याच्या खाली ठेवलाय. घासते तिथंच उभ्या उभ्या."

"तरी एवढे नसतात होत तुझे."

आईनं तळहात तोंडावर धरला. हसत होती की काय ते कळलं नाही. "काल दुपारपासून घासलेच नाहीत."

"आई."

"मग काय करू? हे हरले असते."

"हरले असते तर मशीन उघडपणे वापरता आलं असतं. पैजच ती होती."

"ते मलाही कळतं गं. पण तो दादा हसला असता ना. हात हरला म्हणाला असता." आईनं फळीकडे पाहिलं. "मला म्हणाले, तिला कळलं तर ती मला डॉक्टरकडे नेईल आणि पाटी दुसऱ्याला देईल. डॉक्टरचं एकवेळ चालेल म्हणाले."

धाकटीनं फळी उचलून पुन्हा भिंतीकडे तोंड करून ठेवली. ठेवताना खिळा तिच्या बोटात घुसला, पण तिनं हातही झटकला नाही. एवढे महिने ती दर रविवारी या माणसाच्या तोंडात टॉर्च मारून बसली होती, आणि काखेत घट्ट दाबलेला हात तिनं एकदाही बाहेर काढायला सांगितला नव्हता.

*

बाहेरच्या खोलीत दादानं अजून विषय सोडला नव्हता.

"आली. आता सगळ्यांसमोर म्हण."

"हरले मी," धाकटी म्हणाली. "मशीनचं नाव काढणार नाही."

"आणि?"

"आणि हात चांगला आहे बाबांचा."

बाबांनी खिडकीतून मान वळवली. तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागं उभ्या आईकडे. आई एकदम ताटं मांडायला गेली.

धाकटीनं बॅगेतून एक पाकीट काढलं, ती बाथरूममधे गेली आणि आली. "आई, तुझं डोकं बदलून ठेवलंय. जुनं पार लोळलं होतं. पिवळ्या कड्याचं तुझं."

"आणि ते दुसरं, निळ्या कड्याचं?" दादा तिकडेच डोकावत होता. याला नको तिथं बरोबर दिसायचं.

"पाकिटात दोन येतात," ती म्हणाली. "राहू दे तिथंच."

मग तिनं खुर्ची ओढली आणि बाबांच्या समोर बसली. "बाबा, पाटीचं."

घडी आवळली गेली. "उद्या..."

"नवी नको मला. जुनीच लावते. अक्षरं तीच हवीत, पेशंट ओळखतात. फक्त पत्ता तेवढा जुन्या जागेचा आहे."

"मग पत्ता नवा काढावा लागेल." आवाज कोरडा होता.

"कशाला? दारासमोर उभ्या असलेल्या माणसाला पत्ता कशाला सांगायचा? तो आलाय की."

पंखा फिरत होता. दादानं तोंड उघडलं, धाकटीनं त्याच्याकडे पाहिलं, आणि कधी नव्हे ते त्याला काय करावं ते कळलं. तो उठून आईला पाणी भरू लागायला गेला.

"मी तेव्हाच सांगितलं होतं," शेवटी बाबा म्हणाले.

"सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"आता त्यावर पांढरा मारायचा."

"हो. तेवढा मारून द्या. गुरुवारी दवाखान्यावर या आणि कुठं लावायची ते तुम्हीच दाखवा. गुरुवारी माझी मैत्रीण असते. नसांची डॉक्टर आहे. तिला हात दाखवा."

हे शेवटचं तिनं आवाज न बदलता म्हटलं. बाबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिनं नजर हलवली नाही. दुसऱ्याच्या तोंडात वाकून काम करणाऱ्या माणसाला तेवढी सवय असते.

"आता जेवायला वाढतेय," आतून आई म्हणाली.

"थांब जरा," बाबा उठले. "पांढऱ्याचा डबा कुठाय?"

कामाच्या खोलीत जुनी पाटी त्यांनी टेबलावर आडवी घालायला लावली. वाकून तिच्या पांढऱ्याकडे पाहिलं, एका डोळ्यानं, मग दुसऱ्यानं. डब्याचं झाकण धाकटीनं उचकटलं.

"असा नाही चालणार. हा जुना पिवळा पडलाय. नवा मारला तर ठिगळ दिसेल. त्या पिवळ्याच्या डब्यातला थेंब टाक. थेंब म्हटलं, धार नाही. अजून एक. बस."

तिनं ढवळलं. तो पांढरा त्या पांढऱ्यात इतका मिसळला की डब्याच्या काठावरून पाटीकडे पाहताना फरक कळेना. मग बाबांनी काखेतून उजवा हात काढला. ओळीतले बारीक ब्रश त्यांनी ओलांडले, सगळ्यात रुंद ब्रश घेतला. ब्रश डब्याच्या काठावर वाजला, दोनदा, तीनदा. धाकटीनं डबा जरा त्यांच्याकडे सरकवला आणि धरून ठेवला.

"दाबू नका," ती म्हणाली. "हलक्या हातानं."

"ब्रश कसा धरायचा हे तू मला..." बाबा म्हणाले, आणि त्यांनी ब्रश पाटीवर टेकवला.

पहिला हात पत्त्याच्या पहिल्या अक्षरावरून गेला. ब्रश थरथरत होता, आणि रंग थरथरतच खाली उतरत होता. सुबक काढलेली ती अक्षरं एकेक करून बुजत गेली. पांढऱ्यावर पांढरा. कुठं हात हलला, काही दिसत नव्हतं.